अभिजात शांतता

अभिजात कलाकृती काळावर मात करते. हे वाक्य मी नोकरीची सगळी वर्षं फळ्यावर लिहीत आले. तास संपला की कोणीतरी डस्टर फिरवायचं आणि त्याच जागी गणिताचे सर लसावि काढायला घ्यायचे. काळाचं मला माहीत नाही, पण शाळेच्या वेळापत्रकावर मात करणारी कलाकृती मला कधी भेटली नाही.

आज ते वाक्य आठवलं, कारण दिवाळीची सुट्टी लागली आहे आणि लिंबायत, या गुजराती शहरातली आमची कामगारवस्ती, गप्प झाली आहे.

आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून लूमची, म्हणजे यंत्रमागांची शेड आहे. इथे तिला खातं म्हणतात. खात्याची खटखट वर्षभर भिंतीतून, फरशीतून, पलंगाच्या पायांतून वर चढत असते. मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना ढकलत कडेपर्यंत येतात आणि अधूनमधून एखादी जीव देते. धनत्रयोदशीच्या सुमारास मशीनं थांबतात. ओडिया कामगार त्यांच्या गाडीला लागतात, आपले खान्देशातले लोक उधना स्टेशनात भुसावळच्या गाडीची वाट बघत बोचक्यांवर बसतात. मग गल्लीत तेलाचा आणि तापलेल्या मोटरींचा वास ओसरतो, तळणाचा वास येतो, आणि एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मशीनं थांबली तरी माणसं थांबत नाहीत. सुट्टीचे पहिले काही दिवस सगळे जण तशाच वरच्या पट्टीत बोलत राहतात. समोरच्या जिन्यातल्या बाईने नवऱ्याला मीठ संपल्याचं सांगितलं की ते अख्ख्या गल्लीला कळतं आणि दोन घरांतून मीठ येतं. हळूहळू आवाज खाली उतरतात. लोकांना आपलाच आवाज ऐकू यायला लागतो आणि त्याने ते जरा दचकतात.

दोन वर्षांपूर्वीच्या अशाच सुट्टीत, याच शांततेत, एक रॅप अल्बम तयार झाला. आता त्याला क्लासिक म्हणतात. या शब्दाचा मला अतिशय राग आहे. तो का, तेच सांगायचं आहे.

अल्बम करणारा गोकुळ माझा विद्यार्थी. महापालिकेच्या मराठी शाळेत मी त्याला शिकवलं. त्याला कविता म्हणायला उभं केलं की शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन विचारायच्या, "कोण पडलं?" खात्याच्या भिंतीला टेकून वाढलेल्या पोरांना आपण किती मोठ्याने बोलतो याचा अंदाज नसतो. त्याचे वडील आत्मारामभाऊ धरणगावकडून आले आणि लूमवर राहिले. त्यांचे कान खात्यात गेले. थोरला मुलगा प्रकाश लूमवर लागला, आणि तो पूर्णच गेला.

ते असं झालं. प्रकाश मशीनखालचा कचरा काढत होता. मशीन थांबवलं की कापड कमी निघतं, म्हणून साफसफाई चालू मशीनवरच करायची, अशी त्या खात्याची रीत. पट्ट्याने त्याला ओढलं. शेठने पोलिसांना सांगितलं, मशीन बंद होतं, पोरगा पाय घसरून त्यावर आपटला. ज्यांनी पाहिलं ते सगळे त्याच खात्यात कामाला होते, त्यामुळे कोणीच काही पाहिलं नव्हतं. तेरावं झाल्यावर शेठने मोठ्या मनाने प्रकाशची मशीनं धाकट्या गोकुळला दिली. लोक म्हणाले, शेठ देवमाणूस आहे.

आता खात्यातल्या बोलण्याविषयी सांगायला हवं. आत गेलं की आवाजाचा काही उपयोग नसतो. कारागीर ओठांनी बोलतात. घशातून आवाज काढण्याचे श्रम कोणी घेत नाही, नुसते ओठ हलतात. समोरच्या रांगेतला माणूस ते वाचतो, त्याच्या पलीकडचाही वाचतो. बायकोचं बाळंतपण, गावची भांडणं, चहाला जायचं का, सगळं ओठांवर. शेठ मात्र काचेच्या थंड ऑफिसात बसतो आणि दिवसातून एकदा फेरी मारतो. त्याला ओठ वाचता येत नाहीत. त्याला कधी गरजच पडली नाही. मग फेरीच्या वेळी कारागीर त्याच्या डोळ्यांत बघून, हसऱ्या चेहऱ्याने, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. शेठला वाटतं, सगळे रामराम घालतायत. तो गुजरातीत छान, छान म्हणत, मान हलवत पुढे जातो. "सारू, सारू." पलीकडच्या रांगा तोंड फिरवून हसतात. लिंबायतमध्ये एवढी एक करमणूक फुकट होती.

गोकुळ शिव्या देत नसे. शेठ जवळून गेला की तो रोज तेच म्हणायचा, "मशीन चालू व्हतं. तुले माहीत व्हतं." आवाज नाही, ओठ फक्त. शेठ रोज म्हणायचा, "सारू, सारू."

हा मजकूर आणि हा मुलगा, यांतून अल्बम झाला.

रॅप मला कळतं असा माझा दावा नाही. सुट्टीत आमच्या ओट्यावर पोरं बसायची, समोर खमणची लारी, म्हणजे हातगाडी, आणि वाद असायचा तो कुठला अल्बम क्लासिक आणि कुठला टाइमपास याचा. मी निवडत बसलेल्या तांदळात खडे कमी आणि त्यांच्या बोलण्यात मतं जास्त असायची. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला असलेला बबलू, ज्याच्याकडे गल्लीतला एकमेव बरा माइक होता, त्याची व्याख्या सगळ्यात सोपी.

"मॅडम, क्लासिक एटले नो स्किप. सुरू केला की एक पण गाणं पुढे ढकलायचं नाही."

"मग माझी आई क्लासिक आहे," दुसरा म्हणाला. "तिला पण पुढे ढकलता येत नाही."

"तुझी आई रिमिक्स आहे. रोज तेच, फक्त स्पीड वाढते."

"मॅडम, तुम्ही सांगा. पुस्तकात क्लासिक कसं ठरतं?"

मी म्हटलं, "लेखक मेला की."

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

गोकुळ या वादांत कमी पडायचा. त्याचं म्हणणं एकच होतं. "जो ऐकल्यावर एखाद्याला घरी जायला तोंड राहायला नको, तो." कोणाला, ते तो सांगत नसे. बबलूला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

त्या सुट्टीत बबलूच्या मामाच्या गोडाऊनची चावी मिळाली. ग्रेचं गोडाऊन, म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या कापडाचे ताके छतापर्यंत रचलेले. कापड आवाज पिऊन टाकतं, त्यामुळे ती जागा एखाद्या स्टुडिओपेक्षा चांगली, असं बबलू म्हणायचा. स्टुडिओ त्याने पाहिला नव्हता. मशीनं बंद होण्याआधीच त्याने खात्याची खटखट मोबाइलवर धरून ठेवली होती. तिचाच ठेका केला. गोकुळ आपल्या घरच्या अहिराणीत बोलला. सुरुवातीच्या ओळी अजून माझ्या कानात आहेत:

मना बापना कान खात्यानी खादात,
मी हाक मारस, तो भितकडे देखस.

बापाचे कान खात्याने खाल्ले, मी हाक मारतो आणि तो भिंतीकडे बघतो, एवढाच अर्थ. मी इतकी वर्षं कविता शिकवली. या दोन ओळींवर मला एक प्रश्नसुद्धा काढता आला नसता.

प्रत्येक गाण्याचा शेवट त्या एकाच वाक्यावर होणार होता, मशीन चालू होतं आणि तुला माहीत होतं. अल्बमचं नावही 'मशीन चालू शे'. शेवटच्या गाण्यात त्याच जागी तो शेठचं आणि प्रकाशचं नाव घेऊन सगळं सांगणार होता. गोकुळने बबलूला बजावून ठेवलं, "त्या जागी सगळं काढ. ठेका नको, काही नको. माझा आवाज एकटा येऊ दे." बबलू ताक्यांच्या ढिगाआड कानाला हेडफोन लावून बसला होता, त्याला गोकुळ दिसत नव्हता. त्याने सांगितल्याप्रमाणे त्या जागी सगळं काढलं.

आणि गोकुळ दर वेळी त्या जागी नुसत्या ओठांनी बोलला.

मुद्दाम नाही. त्या वाक्याला आवाज असतो हे त्याच्या तोंडाला माहीतच नव्हतं. वर्षानुवर्षं ते असंच म्हटलं गेलं होतं. आपण बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही, यात खात्यातल्या माणसाला खटकण्यासारखं काही नसतं. बबलूला वाटलं, भाईने फीलसाठी जागा सोडली. त्याने पाडव्याला अल्बम नेटवर टाकून दिला.

हे कळलं ते गोकुळच्या घरी, फराळाला. मला आणि बबलूला बोलावलं होतं. गोकुळची आई सुमनबाई साड्यांवर टिकल्या-खडे चिकटवायचं काम घरी करते. तिने साडी बाजूला सारून जागा केली, सांजोऱ्यांची ताटली पुढे ठेवली. गोकुळ बापासमोर उभा राहिला आणि त्याने शेवटचं गाणं हातवारे करत पहिल्यापासून म्हटलं. आत्मारामभाऊ खाटेवर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होते. गाणं संपलं. म्हातारा उठला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बहिऱ्या माणसाच्या दणदणीत आवाजात म्हणाला, "बरोबर सांगं रे. नाव लिसनी सांगं." नाव घेऊन सांगितलंस, असं.

सुमनबाई म्हणाली, "काय सांगं? शेवटले त तो चूप व्हता."

आत्मारामभाऊंनी तिचे ओठ वाचले आणि चिडले. "तुले ऐकू येस नही का वं?"

बबलूने मोबाइलवर अल्बम लावला. प्रत्येक गाण्याच्या शेवटी ठेका थांबत होता आणि पुढे काही नव्हतं. गोकुळने मोबाइल कानाला लावला, हलवला, मग माझ्या हातात दिला, जणू मी शिक्षिका असल्यामुळे मला ऐकू येईल. त्या अल्बमचा एकही शब्द ज्याला ऐकू आला नव्हता, त्या एकाच माणसाला तो अल्बम पूर्ण मिळाला होता.

"नवीन करू," बबलू म्हणाला. "एक दिवसाचं काम. टेन्शन नको लेऊ."

तो एक दिवस मिळाला नाही. दरम्यान अल्बम आवडला. लिंबायतमध्ये आवडला, शेजारच्या बमरोलीत, पांडेसऱ्यात आवडला. सुट्टीवरून परतलेल्या कारागिरांनी तो रिक्षांत लावला. गाण्याच्या शेवटी ठेका थांबला की ते आपले ओठ हलवायचे. गोकुळ रोज शेठला काय म्हणतो, हे त्यांनी खात्यात वाचलेलंच होतं. मग मुंबईची एक म्युझिक कंपनी आली. गोकुळने मोबाइलच्या काचेवर बोटाने सही केली. कशावर सही केली ते कळायला वाचावं लागतं, आणि ते इंग्रजीत होतं. मी म्हटलं होतं, थांब. तो म्हणाला, "मॅडम, ते लोक नवीन नीट रेकॉर्डिंग करून देतील." त्याच्या डोक्यात तेवढंच होतं.

जानेवारीत, तारांवर पतंगांचे सांगाडे लोंबत असताना, आमच्याकडच्या एका मंडळाने परिसंवाद ठेवला. विषय 'रॅप आणि अभिजातता'. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून आमच्याकडे हा शब्द कोथिंबिरीसारखा सगळ्यावर पडतो. कार्यक्रमाला शाल, श्रीफळ, समई, सगळं. प्रमुख पाहुणे म्हणून गोकुळचा शेठ. हॉलचा, मांडवाचा, जेवणाचा भार त्याने उचलला होता. अल्बमचं नाव त्याला फार आवडलं होतं. मशीन चालू आहे, म्हणजे धंदा चालू आहे, असं त्याला ते शुभ वाटलं. माइकवर तो म्हणाला, "मारा खातानो छोकरो छे," आणि माझ्याच खात्यातला पोरगा म्हणून टाळ्या घेतल्या.

मग बाहेरगावचे एक साहित्याचे डॉक्टर बोलायला उभे राहिले. जात्यावरची ओवी हेच पहिलं रॅप, असं त्यांनी सिद्ध केलं. आमच्याकडे नवी गोष्ट आली की ती आमच्याकडे आधीपासून होती हे सिद्ध होईपर्यंत आम्हाला जेवण जात नाही. दळणाऱ्या बाईला त्यांनी हे विचारलं नसावं. तिने त्यांना दोन पायल्या दळायला दिल्या असत्या. पुढे त्यांनी अभिजाततेच्या कसोट्या सांगितल्या. पहिली, काळाची. अल्बम तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. काळाने परीक्षा घ्यायचं मनावर घेतलं असतं तरी तोवर पेपर छापून झाले नसते. दुसरी, वैश्विकता. तिसऱ्या कसोटीला त्यांनी चष्मा काढला, आवाज खाली आणला आणि ते शांततेवर आले.

"प्रत्येक गाण्याच्या अखेरीस हा तरुण कवी थांबतो. यंत्र थांबतं, शब्द थांबतो. या निःशब्दात जे आहे, ते शब्दांत असूच शकत नाही. ही शांतताच या कृतीला अभिजाततेच्या पातळीवर नेते."

माझ्या शेजारी सुमनबाई बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन. तिने मला कोपराने ढोसलं. "काय म्हनी राहिना तो?"

"गोकुळ गप्प राहिला ते छान झालं म्हणतायत."

तिने थोडा वेळ व्यासपीठाकडे पाहिलं. म्हणाली, "याना भाऊ मरेल शे का?"

गोकुळला बोलायला बोलावलं. तो शाल सावरत माइकपाशी आला. म्हणाला, "सरांनी सांगितलं ते... ती जागा मी मुद्दाम सोडली नाही. ते राहून गेलं. तिथे एक गोष्ट होती. मला ती परत भरायचीय."

सभागृह प्रेमाने हसलं. डॉक्टर खुर्चीतून म्हणाले, "हा विनय!" टाळ्या पडल्या.

"खरंच," गोकुळ म्हणाला. "तिथे मी म्हणतो की," आणि तो शेठकडे वळला. शेठने त्याच्याकडे बघून हसून मान हलवली, फेरीवर हलवायचा तशीच. माइक गोकुळच्या तोंडासमोर होता. त्याचे ओठ हलले.

आवाज आला नाही.

मागच्या रांगांत खात्यातले लोक बसले होते. तिथे हसणं नाही, खोकणं नाही, काही नाही. पुढच्या रांगा उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. त्यांना वाटलं, कवीने आपली अभिजात शांतता प्रत्यक्ष सादर केली. शेठही उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला ओठ वाचता येत नाहीत, पण ते वाक्य मला पाठ होतं. टाळ्या वाजवणाऱ्या त्या माणसाला त्याच्या तोंडावर सांगितलं जात होतं की तू मारलंस, आणि तो त्याबद्दल शाल देऊन बसला होता.

मला इतका राग आला की कोणाचा, तेच ठरेना. शेठचा यायला हवा, पण तो जुना होता, त्याची सवय झाली होती. मला राग आला त्या चष्मा काढून हातात धरलेल्या माणसाचा. त्याचं वाचन होतं, त्याला कान होते, त्याच्यासमोर एक मुलगा स्वच्छ मराठीत सांगत होता की इथे एक गोष्ट राहिली आहे. एकदा विचारायचं होतं, कुठली? आयुष्यभर अर्थ काढण्यात घालवलेल्या माणसाला तो एवढा साधा प्रश्न सुचला नाही. गरिबाच्या तोंडून आवाज फुटला नाही तर त्याला आपण सौंदर्य म्हणतो. आपला माइक बंद पडला तर वायरमनला हाक मारतो.

कंपनीचा माणूस जेवणाच्या रांगेत भेटला. केसांचा अंबाडा, हातात ताटली. गोकुळने त्याला नव्या रेकॉर्डिंगचं विचारलं.

"भाई, पागल है क्या? वही तो यूएसपी है."

"मेरा गाना है ना?"

"तेरा है, बिल्कुल तेरा है. पर अब क्लासिक है ना, ब्रो. क्लासिक को हाथ नहीं लगाते."

त्याने उंधियूत पुरी बुडवली. माझ्या लक्षात आलं, हा शब्द कशासाठी असतो. जुन्या इमारतीला वारसा म्हटलं की तिच्यात राहणाऱ्याला भिंतीत खिळाही ठोकता येत नाही. तसंच हे. एखाद्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत त्याला थांबवायचं असेल, आणि थांबवताना त्याला हारही घालायचा असेल, तर क्लासिक म्हणावं. त्यानंतर तो जे बोलेल ती आपल्याच कलाकृतीतली ढवळाढवळ ठरते.

गेल्या वर्षी पुन्हा सुट्टी आली. मशीनं थांबली, वाट्या जागच्या जागी राहिल्या. तळण सुरू झालं. गोकुळ सकाळी घरी आला आणि म्हणाला, "मॅडम, चला. समोर कोणीतरी पाहिजे."

तेच गोडाऊन, तेच ताके, म्हणजे तेच नव्हेत, त्यांचे नातेवाईक. कोऱ्या कापडाला खळीचा एक आंबट वास असतो. या वेळी बबलू ढिगाआड बसला नाही. गोकुळसमोर मांडी घालून बसला. मी आणि सुमनबाई एका ताक्यावर. आत्मारामभाऊ दाराशी खुर्चीत, उजेड मुलाच्या तोंडावर पडेल असे.

ठेका सुरू झाला. गाणं नीट गेलं. शेवट आला, ठेका थांबला, आणि गोकुळचे ओठ हलले. बबलूने हात वर केला. "आवाज नाही, भाई."

पुन्हा. पुन्हा तेच. गळ्याच्या शिरा फुगत होत्या, ओठ जोरात हलत होते, आणि बाहेर काही येत नव्हतं. बबलू म्हणाला, "दुसरं काही बोल. तुझं नाव बोल." गोकुळने दणक्यात नाव सांगितलं. "आता ती लाइन." ओठ हलले. दाराशी आत्मारामभाऊ मान हलवत होते, त्यांच्या हिशेबी मुलगा दर वेळी बरोबर सांगत होता, आणि ही माणसं त्याला पुन्हा पुन्हा का म्हणायला लावतायत ते त्यांना कळत नव्हतं. मी सवय म्हणत आले, भीती म्हणायचं टाळत आले. त्या सकाळी मला दोन्हींत फरक करता येईना. दोन्ही गळ्यात एकाच जागी बसतात.

गोकुळ खाली बसला. म्हणाला, "राहू द्या. क्लासिक आहे." हे तो हसून म्हणाला, आणि ते मला सगळ्यात असह्य झालं.

सुमनबाई उठली. पदराला चमकी लागलेली होती, ती तिने झटकली. मुलाजवळ जाऊन त्याची हनुवटी वर केली, लहानपणी तोंड पुसताना करतात तशी.

"पोऱ्या, बोल ना. आते त मशीन बंद शे."

बाहेर गल्लीत कोणीतरी कोणाला तरी मीठ आणायला सांगत होतं, अजून वरच्या पट्टीत. मग गोकुळने तोंड उघडलं आणि प्रकाशचं नाव आलं. मोठ्याने नाही. मी त्याला आयुष्यात एवढ्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं. बारीक, कोऱ्या कापडासारखा आवाज, कोणी कधी न वापरलेला. त्याने शेठचं नाव घेतलं. मशीन चालू होतं म्हणाला. तुला माहीत होतं म्हणाला. प्रकाश ओरडला असेल, पण तिथे कोणाला ऐकू येणार, म्हणाला. बबलूने डोळे मिटून घेतले होते, हात मात्र बटणावर होता.

सुमनबाईने ते पहिल्यांदा ऐकलं. ती रडली नाही. तिने विचारलं, "धराई गयं का?" बबलूने मान हलवली. रेकॉर्ड झालं होतं.

ते गाणं त्यांनी त्याच दिवशी टाकलं. लिंबायतमध्ये संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. मग हक्क आपल्याकडे आहेत अशी कंपनीने तक्रार केली आणि ते काढलं गेलं. तक्रारीत म्हटलं होतं की मूळ कलाकृतीत त्या जागी कोणताही मजकूर नाही. गल्लीतली पोरं एकमेकांना पाठवतात, पुन्हा टाकतात, पुन्हा निघतं. सुट्टी संपून लाभपाचमीला खातं उघडलं तेव्हा गोकुळच्या मशीनांवर दुसरा माणूस होता. गोकुळ आता पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामावर आहे. तिथे आवाज कमी, वाफ जास्त. प्रकाशचं प्रकरण पुन्हा उघडा म्हणून तो आणि सुमनबाई चकरा मारतात. खात्यातल्या दोघांनी, इतक्या वर्षांनी, आम्ही पाहिलं असं म्हणायची तयारी दाखवली आहे. क्लासिक काय असतं मला माहीत नाही. पण ते दोघं नुसत्या ओठांनी बोलले नाहीत, एवढं त्या गाण्याने केलं.

शेठला मी या सुट्टीच्या आधी भाजी घेताना भेटले. त्याच्या मुलीला मी कधीकाळी मराठी शिकवलं होतं, त्यामुळे तो मला मान देतो. मी सरळ विचारलं, गोकुळचं ते गाणं ऐकलंत का.

तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, "मॅडम, आप तो पढ़ेलिखे हो. ओरिजिनल में ऐसा कुछ है ही नहीं. डॉक्टरसाहेबने खुद बोला था, उधर शांति है."

मी मेथीची जुडी हातात धरून उभी राहिले. इतक्या विद्वत्तेचा इतका नेमका उपयोग झालेला मी दुसरा पाहिला नाही.

आज सकाळी बबलूने मोबाइल दाखवला. कंपनीने या दिवाळीला 'मशीन चालू शे'ची विशेष आवृत्ती काढली आहे. मुखपृष्ठ नवं आहे, डॉक्टरांची प्रस्तावना आहे. खाली बारीक अक्षरांत तांत्रिक माहिती दिली आहे: जुन्या ध्वनिमुद्रणात गाण्यांच्या शेवटी पंख्याची घरघर आणि ओठ हलल्याचा बारीक आवाज येत होता, तो दोष आता काढून टाकला आहे.